मुकादमाच्या मागं गेलेली पलटण

दिवाळी होऊन आठवडा गेला की आष्टीचा आवाज बसतो. बाजार भरतो, पण त्याला गलका नसतो. स्टँडसमोरच्या हॉटेलातला स्टोव्ह एरवी कुणाच्या ध्यानातही येत नाही, तो या दिवसांत माझ्या दुकानापर्यंत फरफरताना ऐकू येतो. वस्त्यांवरच्या घरांना कुलपं लागतात, आणि कुलपात धूळ जाऊ नये म्हणून जाताना कुणीतरी त्यावर चिंधी गुंडाळून गेलेलं असतं. ओट्यावर म्हातारी माणसं, त्यांच्या पायाशी नातवंडं. बाकीचं गाव ऊस तोडायला गेलेलं असतं. कुणी कोल्हापूरकडं, कुणी सांगलीकडं, कुणी पार कर्नाटकात. ऊन तापायला लागलं की परततात. तोवर इथं कोरडी थंडी, पोटऱ्यात आलेली ज्वारी आणि दुकानात गल्ल्याशी बसून रस्त्याकडं बघणारे आमच्यासारखे.

यंदाही तसाच बसलो आहे. आता माझं बॅटऱ्या आणि इन्व्हर्टरचं दुकान आहे. काल एक तरुण गिऱ्हाईक आलं. बॅटरीचा भाव विचारत होता आणि हातातल्या मोबाईलवर त्याचा कसलातरी लढाईचा खेळ चालला होता. नुसती चटचट. मी म्हणालो, "आधी ते बंद कर, मग बोलू." तो हसला. "काका, तुमाला न्हाई कळायचं ह्यातलं." मी त्याला भाव सांगितलाच नाही. दुसरं दुकान बघ म्हणालो. तो शिव्या देत गेला आणि माझी रिकामी सकाळ आणखी रिकामी झाली.

मला म्हणे ह्यातलं कळत नाही. याच गावात, असल्याच मुक्या दिवसांत, मी एक पलटण उभी केली होती. ती कशी गेली ते माझ्याइतकं कुणालाच कळलेलं नाही, आणि ज्यांच्यामुळं गेली त्यांना तर अजूनही काही झालं असं वाटत नाही. राग आहे तो याचा.

तेव्हा गावोगावचे पिवळे एसटीडी बूथ एकेक करून बंद पडत होते आणि त्याच गाळ्यांत कॉम्प्युटर येत होते. आम्ही लिंगायत वाणी. गळ्यात लिंग आणि हातात तागडी, एवढंच आमच्या घराला माहीत. मी वडिलांच्या किराण्यातून भांडून बाहेर पडलो होतो. नगरला एका कंपनीनं जुन्या मशिनी काढल्या, तेव्हा तिथल्या माणसापुढं मी अख्खी दुपार भाव पाडत बसलो. शेवटी तो उठून म्हणाला, "न्या बाबा, पण जा." त्या मशिनींवर स्टँडजवळ माझा कॅफे सुरू झाला. पोरं निकाल बघायला यायची, भरतीचे अर्ज भरायला यायची. तोडणीचा हंगाम लागला की तेही यायचं थांबायचं आणि मशिनी कापडाखाली झोपायच्या.

सलीम माझ्या मशिनी दुरुस्त करायचा. आधी तो रेडिओ दुरुस्त करायचा; रेडिओ गेले, टेप गेले, मग तो माझ्याकडं आला. बोलायला गोड आणि कामात सावकाश. त्याच्या मामाचं घर हैदराबादला होतं. तिथून तो एकदा एक सीडी घेऊन आला आणि म्हणाला, "शेठ, मशिनी झोपल्याच हायेत तर ह्ये बगा. लई येगळा खेळ हाय."

वेगळा होता खरा. पोरांचे नेहमीचे खेळ म्हणजे दिसला की मार, मेला की लगेच पुन्हा उभा. इथं माणूस एकदा मेला की मेला. मोहीम संपेपर्यंत बाजूला बसून राहायचं. गोळी कुठून आली ते कळायचंच नाही. हातात नकाशा आणि होकायंत्र, पुढं मैलोन् मैल माळ, आणि अर्धा तास नुसतं चालायचं. चालताना गवत सळसळायचं, आपल्याच श्वासाचा आवाज यायचा. एकट्यानं काही होत नसे. कुणी रस्त्यावर नजर ठेवायची, कुणी जखमी उचलायचा, कुणी मागं दारूगोळा सांभाळायचा, आणि सगळ्यांनी वायरलेसवर कमी बोलायचं. त्या खेळाचे गट होते. मुंबईचे, पुण्याचे, बंगळुरूचे, परदेशातलेही. दर रविवारी दुपारी ते इंटरनेटवर जमायचे, आपापल्या घरात बसून, आणि कुठल्यातरी नकली देशात खरोखरीच्या फौजेसारखे उतरायचे.

मला नेम धरता यायचा नाही. आजही नीट माऊस धरता येत नाही. पण माणसं एका कामाला कशी लावावीत ते मला कळतं, आणि त्या खेळात मी तेवढंच बघत होतो.

पहिल्या वर्षी आम्ही मूठभर होतो. कॅफेतलीच पोरं, सलीम म्होरक्या. पुण्याच्या एका गटाकडं आम्ही पाहुणे म्हणून जायचो. त्यांचा प्रमुख कुठल्यातरी सॉफ्टवेअर कंपनीत होता, सगळे त्याला सर म्हणायचे. सर फार सभ्य बोलायचे. "आज बीडची मंडळी डावीकडची टेकडी धरतील," असं म्हणायचे, आणि मोहीम संपेपर्यंत त्या टेकडीकडं कुणी फिरकायचंही नाही. आमची पोरं दुपारभर दगडाआड पालथी. सलीम म्हणायचा, "शेठ, टेकडी राखायला तं आपून आष्टीतबी बसू शकतो."

तेव्हा मी ठरवलं की आपली स्वतःची मोहीम झाली पाहिजे. आपला नकाशा, आपला नियम, आणि पुण्याच्या सरांनी पाहुणे म्हणून आमच्याकडं यायचं. त्याला माणसं लागतात. मूठभर माणसांत टेकडी राखता येते. मोहीम काढायची तर पाचपट तरी माणूस पाहिजे, आणि तोही दर रविवारी न चुकता येणारा. आता हे कुणाला सांगितलं तर हसतील. पण मला त्यात एक गोष्ट दिसत होती, ती कुणाला सांगता यायची नाही. आमच्या जिल्ह्यातून माणूस जातो. हंगाम लागला की जातो, शिकला की जातो, भरती झाला की जातो. इथं काहीतरी असावं आणि लोकांनी तिथं यावं, असं माझ्या उभ्या आयुष्यात मी बघितलेलं नव्हतं. या खेळात कुणाला कुठं जायचंच नव्हतं. जागेवर बसून फौज होत होती. मला वाटलं, ही एक गोष्ट तरी इथं राहील.

वाढवायची कशी, यावर मी आणि सलीम पावसाळाभर डोकं चालवत होतो. पाऊस नव्हताच म्हणा. ढग यायचे आणि नगरकडं निघून जायचे. सलीमचं म्हणणं होतं, एकेक पोरगा बघून घ्यावा, त्याला आपण शिकवावं, महिनाभर बसवावं, मग नाव द्यावं. मी म्हणालो, असं केलं तर आपण म्हातारे होऊ. एकेक माणूस गोळा करायचा धंदा इथं कुणी करतच नाही. इथं मुकादम असतो.

आमच्याकडं ऊसतोडीला माणूस एकटा जात नाही, मुकादमाच्या मागं जातो. कारखान्याला तोडणाऱ्याचं नाव माहीत नसतं आणि तोडणाऱ्याला कारखान्याच्या साहेबाचं. दोघं मुकादमाला ओळखतात. मुकादम टोळी जमवतो, तो तिची हमी घेतो, भांडणं मिटवतो, कुणी आजारी पडला तर दवाखान्यात नेतो. मी म्हणालो, आपणही तसंच करू. गावोगाव एक मुकादम धरायचा. पोरं तो निवडेल, शिकवेल आणि रविवारी त्याच गावातल्या मशिनींवर आणून बसवेल. आपण फक्त मुकादमाशी बोलायचं. एक माणूस पटवला की टोळी आली.

सलीम डोकं खाजवत म्हणाला, "पर शेठ, पोरं मंग आपल्याला कुटं वळखतील? त्याला वळखतील."

"वळखून काय करायचंय बे? गोळी मारता आली म्हंजे झालं."

असं मी म्हणालो. आणि आजही सांगतो, तो हिशेब चुकीचा नव्हता. त्या हंगामात माणूस असा वाढला की सरांचा फोन आला, तुम्ही हे कसं केलंत म्हणून.

सगळ्यात मोठी टोळी घाटनांदूरची. तिचा मुकादम दिगंबर, त्याला सगळे दिगूभाऊ म्हणायचे. घाटनांदूरच्या बाजारपेठेत त्याचे कॉम्प्युटरचे क्लास होते. वडील खरेखुरे मुकादम, दसऱ्याला टोळी घेऊन कारखान्यावर गेले की उन्हाळ्यात यायचे. दिगूला त्या धंद्याची चीड. मला पहिल्याच भेटीत म्हणाला, "भाऊ, आमच्या अण्णानी जलमभर मानसं हाकली. मी न्हाई त्या धंद्यात पडनार. मी क्लास काढला." चहा पाजला, खारी दिली, पोरांना ओळीनं उभं करून नावं सांगितली. पोरं चुणचुणीत. कुणाचे आईबाप कोल्हापूरला तोडीवर, कुणाचं किराणा दुकान, कुणी भरतीसाठी पळणारं. दिगूनं नुसती मान हलवली की पोरं बसायची, मान हलवली की उठायची. मी ते बघून खूश झालो. माल चोख होता.

त्या कार्तिकात कपिलधारची आमची लिंगायतांची यात्रा सरल्यावर सगळ्या गावच्या टोळ्या मी तिथं बोलावल्या. एका वेळी सगळ्यांना ऑनलाइन आणायचं तर कुठं लाइट नसायची, कुठं फोनची लाइन मेलेली. तेव्हा म्हणालो, शिकायचं ते जमिनीवर शिका. धबधब्याची धार बारीक झाली होती, पण पाण्याचा गारवा दरीभर होता. यात्रेतला नारळाचा आणि कापराचा वास अजून दगडांना होता. सलीमनं पोरांना वरच्या माळावर नेलं. ओळीत चालायचं, पण अंतर ठेवून. बोलायचं नाही, हात दाखवायचा. वरून गोळी आली तर काय करायचं? सलीम ओरडायचा, "पांगा!" आणि पोरं क्षणात चहूकडं उडायची, काटेरी झुडपाआड, दगडाआड, बांधाआड. सुरुवातीला एकमेकांवर पडायची. संध्याकाळपर्यंत अशी पांगायला लागली की माळावर माणूस आहे असं वाटू नये. मिरचीचा ठेचा आणि भाकरी बांधून आणली होती ती खाल्ली. दर्शनाला आलेली एक म्हातारी बराच वेळ बघत होती. तिनं मला विचारलं, "पोलीस भरतीची तयारी करून घेता व्हय, गुरुजी?"

"व्हय आजी."

"घ्या करून. पर समद्यास्नी न्हाई घेत म्हनं."

"आमी समद्यास्नी घेतो," मी म्हणालो. पोरं हसली. म्हातारीनं जाता जाता हातातला खडीसाखरेचा प्रसाद सगळ्यांना वाटला. मला गुरुजी कुणी त्याआधी म्हटलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

मग मार्गशीर्षात आमची पहिली मोहीम झाली. आमचा नकाशा, आमचे नियम. वायरलेसवर मराठी बोलायचं, हा माझा नियम होता. पुण्याची मंडळी पाहुणी म्हणून आली आणि डावीकडच्या टेकडीवर बसली. त्या दुपारी माझ्या कॅफेत नुसता की-बोर्डचा खडखडाट, आणि सगळ्यांच्या कानात आमचीच बोली. "ओढ्यात दोन हायेत." "थांब, सरकू नको." "दिगूभाऊ, बंधाऱ्यावर पोचलो." त्या नकली देशातल्या ओढ्याला ओढा आणि बंधाऱ्याला बंधारा म्हणणारी माणसं आजवर झाली नसतील. घाटनांदूरच्या टोळीनं बंधारा घेतला तेव्हा सलीम खुर्चीवरून उठला आणि त्यानं माझा हात धरला.  त्याचा हात घामानं भिजलेला होता.

लाइट गेली नाही त्या दिवशी. एवढी एकच दुपार आठवते, की मागितलं ते सगळं मिळालं.

संक्रांत झाली आणि त्यानंतरच्या रविवारी मी मशीन लावली तर घाटनांदूरच्या पोरांच्या नावापुढची खूण बदललेली. प्रत्येक गटाची एक खूण असते, खेळाडू ती आपल्या नावापुढं लावतो. आमची खूण जाऊन पुण्याची आली होती. एकाची नाही, सगळ्यांची. मला वाटलं, काहीतरी बिघाड आहे. सलीमनं एकेक नाव तपासलं आणि म्हणाला, "शेठ, बिघाड न्हाई. टोळी उचलली."

मी दुसऱ्या दिवशी पहाटे मोटारसायकलला किक मारली. अख्खा जिल्हा आडवा कापून दुपारी घाटनांदूरला पोचलो. बोटं हँडल धरून आखडली होती आणि डोकं तापलेलं. क्लासमध्ये दिगू नव्हता, पोरं होती. मला बघून उठली. "भाऊ, या, या. बसा की. पानी आन रे."

"पाणी नको. कावून गेलात तिकडं?" मी ओरडलो. "मी काय कमी केलं? कपिलधारला काय शिकवलं? कुणी सांगितलं खूण बदलायला?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. त्यांतला एक होता, बंधाऱ्यावर पहिला चढलेला, वाण्याचाच होता, त्यानं अगदी खरेपणानं विचारलं, "आमी कुटं गेलो, भाऊ? आमी दिगूभाऊसोबतच हाव की."

मी अनेकांशी भांडलो आहे. खोटं बोलणाऱ्याचं तोंड मला लांबून कळतं. त्या पोराच्या तोंडावर लपवाछपवी नव्हती. मी कोण, हे त्यांना माहीत होतं. चहा पाजायचा, नमस्कार करायचा, एवढा मोठा माणूस. पण सोडून जाण्याइतकं माझं आणि त्यांचं काही नव्हतंच. कारखाना बदलला म्हणून कोण कारखान्याचा निरोप घेतो?

दिगू आला. पळाला नाही, लाजला नाही. मला खुर्ची पुसून दिली. म्हणाला, "भाऊ, तिकडं लाइन चांगली हाय. सरांनी सोता फोन केला. आपल्या पोरांना मोठ्या मोहिमा भेटत्याल. तुमी आसं काऊन रागावता? आपलं नातं हाय ते हायच."

"नातं? टोळी पळवून नातं?"

"पळवली कुटं? माजीच व्हती की."

मी टेबलावर हात आपटला, चहाचा कप पडला. पोरांनी फडकं आणून पुसलं. मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. दिगू खाली मान घालून ऐकत होता, वडीलधाऱ्याचं ऐकावं तसा. माझा आवाज संपल्यावर त्यानं विचारलं, "जेवून जाता नव्हं?" मी जेवलो नाही. परतताना अंबाजोगाईच्या घाटात गाडी थांबवून दरीकडं तोंड करून उभा राहिलो. भांडायला समोर कुणी नव्हतं.

सरांना फोन केला. ते नेहमीसारखेच सभ्य. "अहो, तुमच्या भागातली मुलं फार कष्टाळू आहेत हो. आणि तक्रार नाही, काही नाही. आमच्याकडं असं कुणी मिळत नाही." मी म्हणालो, ती माझी आहेत. ते म्हणाले, "असं माझं-तुझं नसतं यात. खेळ आहे शेवटी." मी फोन आपटला. घाटनांदूर गेल्याचं ऐकून बाकीच्या गावचे मुकादमही एकेक करून ढिले पडले. कुणाच्या क्लासची परीक्षा आली, कुणाचं लग्न निघालं. महिन्याभरात आष्टीची मूठभर पोरं उरली. मग ती मूठही उघडली, आणि मागं मी आणि सलीम राहिलो.

तरी आम्ही दोघं रविवारी बसायचो. एकदा सलीमनं कुठूनतरी शोधून काढलं की त्या दुपारी पुण्याची मोठी मोहीम आहे आणि त्यांच्या विरुद्ध बाजूला कुणीही येऊ शकतं. म्हणाला, "चला शेठ. आपले पोरं कसे खेळतेत बगू तरी." आम्ही शत्रूकडून उतरलो. मैलभर चालून एका रस्त्याच्या कडेला गवतात पडून राहिलो. दुपार तापत होती, कॅफेत पंखा बंद. खूप वेळानं रस्त्यावर धूळ उठली. एकामागं एक ट्रक, दारूगोळ्याच्या पेट्यांनी भरलेले, पुढच्या लढाईकडं चाललेले. त्या खेळात जवळ आलेल्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं. पहिला ट्रक जवळ आला आणि त्यातून आवाज आला, "यस सर. रोड क्लिअर सर." उच्चार घाटनांदूरचा.

ती सगळी टोळी ट्रकवर होती. बंधारा घेणारी पोरं लढाईच्या मागं दारूगोळा वाहत होती. पेट्या भरायच्या, न्यायच्या, उतरवायच्या, परत यायचं. घाटनांदूरमध्ये खुर्चीवर बसून, ज्या देशात कुणी कुणाला ओळखत नाही, जात विचारत नाही, शेत विचारत नाही, तिथंही त्यांच्या वाट्याला वाहतूकच आली होती. आणि ती मन लावून करत होती. आईबाप तिकडं उसाच्या फडात, आणि ही इथं. मला आधी हसू आलं. मग हेडफोन काढून ठेवावासा वाटला.

सलीमनं विचारलं, "शेठ, मारू?"

"मार."

पहिला ट्रक पेटला. मी वाट बघत होतो. आता उडतील, पांगतील, झुडपात शिरून आम्हाला घेरतील. कपिलधारच्या माळावर शिकवलं होतं तसं. पण मागचे ट्रक जागच्या जागी थांबले. एकामागं एक, ओळीत. खाली कुणी उतरलं नाही. "सर, कॉन्टॅक्ट सर. सर, ऑर्डर सर?" ते पुण्याहून हुकूम यायची वाट बघत होते. सलीम मारत गेला. ते थांबून राहिले. शेवटच्या ट्रकमधल्या पोराचा आवाज फुटला, "आरं बाबौ, दिगूभाऊ, काय करू?" आणि मग तोही गेला. इतक्या वेळात पुण्याहून हुकूम आला नव्हता.

सलीमनं माऊस सोडला. 

थोड्याच वेळात फोन वाजला. दिगूचा. "भाऊ, तुमीच व्हता ना? मला वाटलंच! लई भारी मारलंत हो, एकाला बी सोडलं न्हाई!" त्याला मनापासून आनंद झाला होता. "सर बी खूश झाले. इचारत व्हते, कोन हायेत म्हनून. भाऊ, तुमी या ना आमच्याकडं. मी सांगतो सरांना."

"येऊन करू काय?"

"सुरवातीला ट्रकच देतेत. मंग बगू."

मी त्याच्यावर ओरडणार होतो. ओरडायला तोंडही उघडलं. पण त्याच्या मागं पोरांचा गलका ऐकू येत होता. मेलेली सगळी पोरं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसत होती, कोण कसा मेला ते सांगत होती. एवढी माणसं, एवढा आवाज. आमच्या कॅफेत त्या वेळी माशी फिरली असती तरी ऐकू आली असती. मी फोन ठेवला.

होळीच्या आधी एका दुपारी सलीम स्क्रू आवरता आवरता म्हणाला, "शेठ, एक इचारू? रागवू नका."

"विचार."

"मीबी जाऊ का तिकडं?"

 "कावून बे? ट्रक हाकायला?"

"काय बी देऊ द्या. मानसं तरी हायेत तिकडं." आणि मग, फार हळू, जणू मला लागू नये म्हणून, "शेठ, दोघात पलटन होत न्हाई."

नगरच्या माणसाला मी दुपारभर बसून वाकवलं होतं. बाजारात मला बघून लोक आधीच भाव उतरवतात. सलीमला थांबवायला काय द्यावं ते मी शोधत राहिलो. म्होरक्या तो होताच. मान होता, सत्ता होती, सगळी पलटण त्याचीच होती, फक्त ती उरली नव्हती. मी म्हणालो, "जा."

पुढच्या रविवारी तो आला आणि कोपऱ्यातल्या त्याच्या नेहमीच्या मशीनवर बसला. घरी त्याच्याकडं मशीन नव्हती, दुसरीकडं कुठं जाणार?  ऊन पार उंबऱ्याच्या आत आलं होतं. कान झाकून तो पुढं वाकला होता आणि स्क्रीनवर एक लांबच लांब रस्ता मागं सरकत होता. मी हॉटेलातून दोन चहा आणले. त्याच्याजवळ जाऊन "सलीम" म्हणालो. त्यानं वळून न बघता ओठांवर बोट ठेवलं. कानात पुण्याहून काहीतरी हुकूम येत होता. मी त्याचा कप टेबलाच्या कडेला ठेवला आणि पाय न वाजवता बाहेर आलो.